आठ गुणांचा मोसम
तास्मानिया बर्लिन, १९६५-६६

जर्मनीच्या बुंडेसलीगा या व्यावसायिक फुटबॉल साखळीत विक्रमांची कमतरता नाही. विजेतेपदांचे, गोलांचे, गर्दीचे विक्रम दर काही वर्षांनी मोडतात. नीचांकांच्या यादीतलं एक नाव मात्र अजून हललेलं नाही. एका मोसमातले सर्वांत कमी विजय २, सर्वाधिक पराभव २८, सर्वांत कमी गोल १५, अंगावर घेतलेले सर्वाधिक गोल १०८, सलग विजयाविना सामने ३१. या सगळ्या आकड्यांसमोर एकच संघ आणि एकच मोसम आहे: पश्चिम बर्लिनचा तास्मानिया, १९६५-६६. तेव्हा विजयाला दोन गुण मिळत. त्या हिशेबाने चौतीस सामन्यांतली तास्मानियाची कमाई होती आठ गुण.

जर्मन फुटबॉलमध्ये ‘तास्मानिया’ हे नाव त्यामुळे नामुष्कीचं माप होऊन बसलं आहे. एखादा संघ हरू लागला की वर्तमानपत्रं लगेच त्याची तास्मानियाशी तुलना करतात. पण हा संघ त्या साखळीत पोहोचला कसा, हे विचारलं की कहाणी मैदानाबाहेर सुरू होते.

हेर्थाची वही

बुंडेसलीगा १९६३ साली सोळा संघांनिशी सुरू झाली. त्याआधी पश्चिम जर्मनीत प्रादेशिक साखळ्या खेळल्या जात आणि शेवटी राष्ट्रीय विजेता ठरे. व्यावसायिकता तर हवी, पण पैशांचा खेळ नको, अशा कात्रीत जर्मन फुटबॉल महासंघ सापडला होता. त्यातून त्याने पगारांवर मर्यादा घातली. खेळाडूची मासिक कमाई साधारणपणे १,२०० मार्कांपर्यंत, करारावर सही करताना मिळणारी रक्कम १०,०००पर्यंत आणि एका क्लबकडून दुसऱ्याकडे जाण्याचा मोबदला ५०,०००पर्यंत. बऱ्याच क्लबांनी हे नियम कागदावर पाळले आणि टेबलाखालून मोडले.

बर्लिनच्या वाट्याला आलेली एकमेव जागा हेर्था या क्लबला मिळाली होती. पश्चिम बर्लिन चारी बाजूंनी पूर्व जर्मनीने वेढलेलं होतंच, १९६१ साली तिथे भिंतही उभी राहिली. हेर्थाचा पूर्वेकडचा प्रेक्षक एका रात्रीत तुटला. बाहेरचा चांगला खेळाडू अशा शहरात राहायला यायचा, तर त्याला जास्त पैसे द्यावे लागणार हे उघड होतं. हेर्थाने ते दिले, हिशेबात मात्र दाखवले नाहीत. पुढे वह्या तपासल्या गेल्या, तफावत सापडली आणि १९६५च्या उन्हाळ्यात महासंघाने हेर्थाला बुंडेसलीगातून काढून टाकलं.

इथवरचं प्रकरण शिस्तीचं होतं. यानंतर त्यात राजकारण आलं. बर्लिन हा शीतयुद्धाच्या काळातला पश्चिम जर्मनीचा सर्वांत हळवा विषय. देशाच्या पहिल्या फुटबॉल साखळीत बर्लिनचा एकही संघ नाही, हे चित्र कुणालाच परवडणारं नव्हतं. तेव्हा जागा बर्लिनलाच द्यायची असं ठरलं. कुणाला, हा प्रश्न नंतरचा होता.

तिसऱ्याच्या गळ्यात माळ

बर्लिनच्या प्रादेशिक साखळीत त्या वर्षी टेनिस बोरुसिया पहिला आला होता. पण वर चढण्यासाठीच्या पात्रता फेरीत तो नुकताच अपयशी ठरला होता. त्याच्या गटातून वर गेला तो बायर्न म्युनिक, आणि त्या बायर्नने टेनिस बोरुसियाला ८-० असं धुतलं होतं. मैदानावर नापास झालेल्याला मागच्या दाराने घ्यायचं कसं? दुसऱ्या क्रमांकाच्या स्पांडाउ संघाने आपली ऐपत ओळखून नकार दिला. तिसरा होता तास्मानिया. तो हो म्हणाला.

तास्मानिया अगदीच सामान्य क्लब होता असं नाही. १९०० साली रिक्सडॉर्फ या, म्हणजे आजच्या नॉयकोल्न या, कामगारवस्तीच्या भागात त्याची स्थापना झाली. १९५९, १९६० आणि १९६२ साली त्याने बर्लिनचं विजेतेपद मिळवलं होतं. बुंडेसलीगा सुरू होताना त्यानेही अर्ज केला होता, पण तेव्हा हेर्थाची निवड झाली. दोन वर्षांपूर्वी नाकारलेली जागा आता आपणहून दारात आली, ती नाकारणं कोणत्याही पदाधिकाऱ्याला जड गेलं असतं. मात्र मोसम सुरू व्हायला जेमतेम दोन आठवडे उरले होते. लग्नघटिका टळू नये म्हणून ऐनवेळी दुसराच मुलगा बोहल्यावर चढवावा, तशी ही निवड झाली. खेळाडू सुटीवर पांगले होते. एड्रियाटिक किनाऱ्यावर गेलेल्यांना रेडिओवरून निरोप धाडून परत बोलावलं, असं सांगितलं जातं.

संघ होता प्रादेशिक साखळीचा, आणि त्या साखळीतले बहुतेक खेळाडू नोकरीधंदा सांभाळून खेळणारे. नवे खेळाडू शोधायला वेळ नव्हता आणि बाजारात उरलंही फारसं कुणी नव्हतं. एकच मोठं नाव मिळालं, हॉर्स्ट शिमानियाक. पश्चिम जर्मनीकडून ४३ सामने आणि दोन विश्वचषक खेळलेला हा मधल्या फळीतला खेळाडू इटलीतून परत आला. पण त्याची उमेदीची वर्षं मागे पडली होती.

याच गोंधळात महासंघाने आणखी एक निर्णय घेतला. आधीच्या मोसमात तळाला राहिलेले कार्ल्सरूअर आणि शाल्के हे दोन संघ नियमानुसार खाली जायला हवे होते. हेर्थाच्या शिक्षेमुळे दोघांनीही आपला हक्क सांगितला. मग साखळी सोळावरून अठरा संघांची करण्यात आली आणि दोघेही वाचले. शाल्केचं हे वाचणं लक्षात ठेवावं. पुढे त्याचा संबंध येतो.

८१,५०० ते ८२७

१४ ऑगस्ट १९६५ रोजी ऑलिंपिक स्टेडियममध्ये तास्मानियाचा पहिला सामना झाला. समोर कार्ल्सरूअर. ८१,५०० प्रेक्षक आले होते. वुल्फ-इंगो उसबेकने दोन गोल केले आणि तास्मानिया २-०ने जिंकला. त्या दिवशी बर्लिनला वाटलं असेल की आपण हेर्थाला विसरू शकू.

पुढच्याच सामन्यात बोरुसिया म्योन्शनग्लाडबाखने पाच गोल चढवले आणि त्यानंतर घसरण थांबलीच नाही. नोव्हेंबरात प्रशिक्षक फ्रान्झ लिंकेन गेले, हाइन्झ-लुडविग श्मिट आले. निकाल तेच राहिले. बाहेरच्या मैदानावर संपूर्ण मोसमात एकही विजय मिळाला नाही.

प्रेक्षकांनी आपला निकाल पायांनी दिला. १५ जानेवारी १९६६ रोजी म्योन्शनग्लाडबाख बर्लिनला आला, तेव्हा ऐंशी हजारांवर माणसं मावणाऱ्या त्या स्टेडियममध्ये हजर होते ८२७ जण. सामना ०-० बरोबरीत सुटला, म्हणजे तास्मानियाच्या त्या वर्षीच्या बऱ्या दिवसांपैकी तो एक होता. पुढे कोविडच्या काळात रिकाम्या मैदानांवर खेळावं लागलं ते वेगळं. एरवी बुंडेसलीगात एवढी कमी उपस्थिती कधी नोंदली गेली नाही. मार्चमध्ये माइडरिषने, म्हणजे आजच्या ड्युइसबुर्गने, बर्लिनमध्ये येऊन ९-० असा विजय मिळवला.

दुसरा आणि शेवटचा विजय २१ मे १९६६ रोजी आला, नॉयनकिर्शनविरुद्ध २-१. तोही संघ त्या वर्षी खाली गेला. तळाच्या त्या दोघांतही गुणांचं अंतर मोठं होतं: नॉयनकिर्शन २२, तास्मानिया ८.

त्याच मोसमात बायर्न म्युनिकही नवखाच होता. त्याच उन्हाळ्यात वर आलेला हा संघ बेकेनबाउर, म्युलर आणि मायर यांच्या जोरावर तिसरा आला आणि त्याने जर्मन चषकही जिंकला. बायर्न पात्रता फेरी जिंकून, स्वतःच्या बळावर वर आला होता. तास्मानियाला उचलून वर ठेवलं होतं. दोघांच्या मोसमांतला फरक निव्वळ खेळाडूंच्या गुणवत्तेचा मानणं म्हणूनच अपुरं आहे.

शिक्षा कुणाला

तास्मानिया पुन्हा कधीच बुंडेसलीगात आला नाही. १९७३ साली क्लब दिवाळखोरीत निघाला आणि त्याच वर्षी नव्या नावाने दुसरा क्लब उभा राहिला. तो आजही नॉयकोल्नमध्ये खालच्या साखळ्यांत खेळतो. ज्याला शिक्षा झाली तो हेर्था मात्र १९६८ साली बुंडेसलीगात परतला. ज्या पगारमर्यादेपायी हे सारं घडलं, तीही फार टिकली नाही. १९७१ साली सामने विकले गेल्याचा मोठा घोटाळा उघड झाला. त्यात हेर्थाचे खेळाडूही अडकले. त्यानंतर ती मर्यादाच मोडीत निघाली.

२०२०-२१च्या मोसमात तास्मानियाचं नाव पुन्हा जगभर छापलं गेलं. शाल्के सलग तीस सामने जिंकला नव्हता. आणखी एक सामना तसा गेला असता तर त्याने तास्मानियाला गाठलं असतं. ९ जानेवारी २०२१ रोजी शाल्केने होफेनहाइमला ४-० असं हरवलं. त्यातले तीन गोल १९ वर्षांच्या मॅथ्यू हॉप या अमेरिकन मुलाचे होते. नॉयकोल्नमध्येही त्या निकालाने हायसं वाटलं, कारण क्लबची सारी ओळख त्या विक्रमावर उभी आहे. १९६५ साली ज्या तडजोडीने तास्मानियाला संकटात टाकलं, त्याच तडजोडीने शाल्केला तारलं होतं, हे त्या दिवशी फार थोड्यांना आठवलं असेल.

२०२३-२४ साली बायर लेवरकुसेनने एकही सामना न गमावता बुंडेसलीगा जिंकली: २८ विजय, ६ बरोबरी. तास्मानियाच्या २८ पराभवांचं हे नेमकं उलटं रूप. लेवरकुसेनचे आकडे खेळाडूंनी आणि प्रशिक्षक शाबी अलोन्सो यांनी कमावले, यात वाद नाही. तास्मानियाच्या आकड्यांचं श्रेय मात्र एकट्या खेळाडूंना देता येत नाही. स्पर्धेतल्या पायऱ्या संघाला वरच्या खेळासाठी तयार करायला असतात. त्या गाळून, दुसऱ्याच्या गरजेपोटी एखाद्याला वर बसवलं की त्याचं हसं होणं जवळजवळ ठरलेलं असतं. १९६५ साली राजकारणाला बर्लिनचं नाव हवं होतं, ते मिळालं. किंमत अकरा खेळाडूंनी दर शनिवारी मोजली. विक्रमांच्या त्या यादीत तास्मानियाच्या शेजारी जर्मन फुटबॉल महासंघाचंही नाव लिहायला हवं.