त्वचेच्या तळाशी

गेल्या स्नेहसंमेलनाच्या वेळची गोष्ट. नाटुकल्यात राजकन्येची भूमिका कोणी करावयाची, असा प्रश्न तालमीत निघाला. जिचे पाठांतर चोख आणि आवाज खणखणीत, अशा एका मुलीचे नाव आम्ही सुचविले. तोच मागच्या बाकावरून कोणी पुटपुटले, "ती तर काळी आहे!" वर्गात हशा पिकला. आम्ही रागावलो, हशा थांबला. परंतु रागावणे म्हणजे काही उत्तर नव्हे. दुसऱ्या दिवशी त्या मुलीने हळूच विचारले, "सर, माणसाला रंग येतो तरी कोठून?" आम्ही पडलो भाषेचे शिक्षक. तेव्हा शास्त्राच्या कपाटातील ग्रंथ चाळणे आले. त्यातून जे उमगले ते, विद्यार्थी मित्रहो, येथे मांडीत आहो.

आपल्या त्वचेचे मुख्य थर दोन. वरची ती बाह्यत्वचा आणि तिच्याखालची अंतस्त्वचा. रक्तवाहिन्या अंतस्त्वचेत असतात, बाह्यत्वचेत एकही नसते; म्हणूनच अगदी वरवर खरचटले तर रक्त येत नाही. तळहात व तळपाय सोडले, तर बाह्यत्वचा बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढीच जाड असते. या पातळ पडद्याच्या अगदी तळाशी, अंतस्त्वचेला बिलगून, पेशींची एकच ओळ उभी असते. हाच आधारस्तर. नव्या पेशी येथे जन्म घेतात, म्हणून यास अंकुरणस्तर असेही म्हणतात. इटलीतील मार्चेल्लो माल्पीगी याने सतराव्या शतकात सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने बाह्यत्वचेच्या या खालच्या भागाचे वर्णन केले, आणि त्याचे नाव या भागाला पुढे चिकटून राहिले.

या ओळीतील बहुतेक पेशींचे काम एकच: एकीच्या दोन होणे. त्यांतील एक जागेवर राहते, दुसरी वर सरकू लागते. नखे आणि केस ज्या द्रव्याचे बनतात, ते केराटिन तिच्यात हळूहळू साठते. ती चपटी होते, तिचे केंद्रक नाहीसे होते, आणि अखेर ती मरून पृष्ठभागावरचा एक कोरडा पापुद्रा बनते. तळापासून गळून पडेपर्यंतचा हा प्रवास साधारणतः चार ते सहा आठवड्यांचा असतो. स्नानाच्या वेळी अंग चोळताना जो मळ निघतो, त्यात हे मृत पापुद्रेही असतात. म्हणजे आपण जिला आपली कातडी म्हणून आरशात न्याहाळतो, ती निर्जीव पेशींची चादर होय. तिला जन्म देणारी सजीव ओळ खाली, दृष्टीआड राहते. गुडघा खरचटला तरी नवी त्वचा येते ती हिच्याच कृपेने. खोल भाजण्यात ही ओळ आणि केसांची मुळेही जळून गेली, तर मात्र दुसरीकडची त्वचा आणून रोपण करावे लागते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. याच ओळीत, दर दहा पेशींमागे सुमारे एक, निराळ्या जातीची पेशी बसलेली असते. हिला रंजकपेशी म्हणतात. हिला झाडाच्या फांद्यांसारखे बारीक हात असतात. ही मेलॅनिन नावाचे गडद द्रव्य तयार करते, त्याचे सूक्ष्म कण बांधते आणि आपल्या हातांनी आसपासच्या सुमारे ३६ पेशींना वाटून देते. कण मिळालेली पेशी ते आपल्या केंद्रकाच्या वर, उन्हाच्या बाजूस, रचून ठेवते. केंद्रकात आनुवंशिक द्रव्य असते. सूर्याच्या अतिनील किरणांनी ते बिघडते आणि त्यातून कर्करोगही उद्भवू शकतो. तेव्हा हे काळे कण म्हणजे पेशीने आपल्या केंद्रकावर धरलेली छत्रीच होय! भर उन्हात शेत लावणाऱ्याची किंवा रापण ओढणाऱ्याची पाठ रापते, ती अधिक छत्र्या उघडल्यामुळे.

गोऱ्या माणसाच्या आणि काळ्या माणसाच्या त्वचेत, शरीराच्या त्याच जागी, रंजकपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो कणांत. सावळ्या त्वचेत ते मोठे, पुष्कळ आणि सुटेसुटे असून वरच्या थरांपर्यंत टिकतात. गोऱ्या त्वचेत ते लहान असतात, पुंजक्याने राहतात आणि लवकर विरघळतात. प्रखर उन्हाच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांना दाट छत्री उपयोगी पडली. उत्तरेकडे ऊन कोवळे, तेथे ड जीवनसत्त्व बनण्यासाठी विरळ छत्री सोयीची ठरली. रंग हा पूर्वजांच्या उन्हाचा हिशेब आहे, गुणांचा नव्हे.

कोड आलेल्या माणसाच्या डागात तर एवढेच घडलेले असते, की तेथील रंजकपेशी नष्ट झालेल्या असतात. हा महारोग नव्हे, आणि तो स्पर्शाने कोणास लागत नाही. तरीही कोड असलेल्या घरी सोयरीक करण्यास लोक कचरतात, शेजारी बसण्यास बिचकतात. हे अज्ञान आपल्या घरांतून जावयास हवे. गोरे करण्याच्या मलमांविषयीही सावध असावे. अशा काही मलमांत पारा अथवा स्टेरॉइड आढळले आहे, आणि त्यांनी त्वचेची हानीच होते.

हे सारे आम्ही वर्गात सांगितले. सांगून झाल्यावर मागच्या बाकावरचा तो विद्यार्थी उभा राहिला आणि मान खाली घालून म्हणाला, "मग सर, माझ्या रंजकपेशी तिच्याएवढ्याच?"

"होय, जवळजवळ तेवढ्याच," आम्ही म्हणालो. संमेलनात राजकन्या तीच झाली. आणि तिच्या डोक्यावर छत्र धरणाऱ्या सेवकाचे काम त्याने आपण होऊन मागून घेतले.