काँक्रीटच्या रस्त्यास तडा कां जातो?

खेडोपाडीं आतां काँक्रीटचे रस्ते झाले आहेत. असा रस्ता एकदां केला म्हणजे पुढें पाहावयास नको, या समजुतीनें गांवकरी निश्चिंत होतात. आणि दोन-चार वर्षांतच कोपरे तुटूं लागले कीं, ठेकेदारानें सिमेंट खाल्लें एवढा एकच निकाल देऊन मोकळे होतात. सिमेंट खरोखर कमी पडलें असेल तेथें हा ठपका योग्यच होय. परंतु माल चोख असूनही रस्ता फुटतो, आणि त्याचें कारण पुष्कळदां आपल्याच बांधाशीं असतें. आमचें आयुष्य जमाबंदीचे आकडे मांडण्यांत गेलें. स्थापत्य हा आमचा विषय नव्हे. तथापि रस्त्यावरील ताणाचा हिशेब जमाखर्चासारखाच असल्यामुळें तो शेतकरी बंधूंपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

काँक्रीट दाबास बळकट, पण ओढीस दुबळें. चाक आलें म्हणजे फरशी किंचित् वांकते. तिचें एक अंग दाबलें जातें व दुसरें ताणलें जातें. तडा जातो तो ताणलेल्या अंगास. हा ताण गणितानें काढण्याची पद्धत मूळचे डेन्मार्कचे व पुढें अमेरिकेंत प्राध्यापक झालेले हॅराल्ड वेस्टरगार्ड यांनीं १९२६ सालीं मांडली. फरशी म्हणजे लवचीक तक्ता व खालची जमीन म्हणजे भाराच्या प्रमाणांत दबणारी गादी, असें मानून त्यांनीं मध्यभाग, कड व कोपरा अशा तीन ठिकाणचे ताण काढले.

त्या सूत्रांनीं आम्हीं एक उदाहरण करून पाहिलें. फरशी २० सेंटिमीटर जाड, खालचा थर चांगला दाबलेला आणि चाकाचा भार ५,१०० किलो धरला. दर चौरस सेंटिमीटरला मध्यभागीं सुमारें १६ किलो, कोपऱ्यावर वीस-एकवीस व कडेवर २४ किलो ताण येतो. भार तोच, परंतु मध्यावर तो चोहोंकडे वांटला जातो. कडेवर तसा वांटला जात नाहीं.

आतां उन्हाचा खर्च पाहावा. दुपारीं फरशीचा पृष्ठभाग तळापेक्षां तापतो व फुगूं पाहतो. फरशीचें स्वतःचें वजन तिला तसें करूं देत नाहीं, आणि तळाशीं ताण उत्पन्न होतो. वरच्या-खालच्या उष्णतेंत १५ अंशांचा फरक व सांध्यांमधील अंतर साडेचार मीटर असेल, तर हा ताण सुमारें २० किलो होतो. म्हणजे कडेवरील एकूण खर्च ४४. चांगल्या प्रतीच्या काँक्रीटची वांकण सोसण्याची जमा ४५ च्या आसपास. शिल्लक एक! ही शिल्लकही फसवी आहे. कारण असा ताण वारंवार आल्यास काँक्रीट थकतें व जमेच्या आंतच फुटतें. यावर गाडींत सव्वापट भार घातला तर कडेचा ताण २४ चा ३० होऊन एकूण ५० वर जातो. उलट सांधे तीन मीटरांवर पाडले तर उन्हाचा ताण निम्म्याहून कमी होतो. यास्तव सांधे वेळीं न कापतां अखंड ओतलेला रस्ता स्वतःच वेडेवांकडे सांधे पाडून घेतो.

परंतु सर्वांत मोठा घात पाणी करतें. वरील हिशेबांत फरशीखालीं सर्वत्र आधार आहे असें गृहीत धरलें आहे. उघड्या सांध्यांतून पाणी खालीं मुरलें म्हणजे प्रत्येक चाकाच्या दाबासरशी गढूळ पाणी बाहेर उडतें व आपल्याबरोबर बारीक माती नेतें. हळूहळू कोपऱ्याखालीं पोकळी होते. आधार पूर्ण गेलेल्या कोपऱ्यावर त्याच चाकाचा ताण २० चा ३८ होतो. भार एक किलोही वाढलेला नसतो! रात्रीं पृष्ठभाग थंड होऊन कोपरे उचलूं पाहतात, तेव्हां वरच्या अंगास तडा जाण्याचें भय असतें.

अलीकडे फरशीचे असंख्य लहान तुकडे कल्पून संगणकावर पोकळी, सांधे व उष्णता यांचा एकत्र हिशेब करतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१५ च्या नियमांत दिवसाचा व रात्रीचा ताण निरनिराळा तपासण्यास सांगितलें आहे. परंतु संगणकानें कितीही बारीक हिशेब केला, तरी रस्त्याकडेचा चर बुजविणारा हात त्यास थांबवितां येत नाहीं.

म्हणून आमची विनंति इतकीच. शेताचें पाणी रस्त्याच्या कडेस सोडूं नये व बाजूचा चर पावसाळ्यापूर्वीं साफ ठेवावा. नांगरट करतांना किंवा जलवाहिनी नेतांना साइडपट्टी कोरूं नये. वाहिनी पलीकडे न्यावयाची असल्यास रस्ता होण्यापूर्वींच तिच्यासाठीं नळी टाकून घ्यावी. काम चालूं असतां जाडी व सांध्यांचें अंतर टेपानें मोजून पाहावें, आणि उघडे सांधे डांबरानें भरावयाचा आग्रह ग्रामपंचायतीकडे धरावा. उसाच्या हंगामांत ट्रॉली मर्यादेबाहेर भरूं नये व कडेवरून हांकूं नये. आपला माल बाजारीं नेणारा रस्ता हें आपलेंच भांडवल आहे. त्याच्या खात्यावर उधळपट्टी झाल्यास तूट आपल्यालाच भरून द्यावी लागते.