आधी गोठा, मग पंगत

बेळगावहून येळ्ळूरला जाताना राजहंसगड दुरूनच दिसू लागतो आणि दुतर्फा भाताची शिवारे पसरलेली असतात. बासमतीसाठी ख्यात असलेल्या या गावात आमच्या आजीचे सारे आयुष्य गेले. गोठ्यात वैरण पडल्याखेरीज घरात पान वाढायचे नाही, हा तिचा नेम. पाहुणे खोळंबले तरी तो कधी मोडला नाही. सुगीनंतर भाताच्या लोंब्यांचा जुडगा ती पडवीच्या आढ्याला बांधी. तो चिमण्यांचा वाटा. वसुबारसेला गाईचे दूध-तूप घरात कोणी घ्यायचे नाही; तो दिवस वासराचा.

आमच्याकडे बैलांचा सण ज्येष्ठी पौर्णिमेला, म्हणजे कर्नाटकी बेंदराला. कोल्हापूरकडे बेंदूर आषाढात, तर महाराष्ट्रात इतरत्र श्रावणी अमावास्येला पोळा. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि माणसांच्या नशिबी सीमेचा वाद आला. परंतु आजीचा बेंदूर आपल्या तिथीला ठरलेलाच होता. आदल्या रात्री बैलांच्या खांद्यांना ती स्वतः हळद-तेल चोळी आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा पहिला घास त्यांना भरवी.

एका वर्षी मात्र तिच्या या मायेची कसोटी लागली. घरचा एक बैल थकला होता. पाऊस कमी झाल्याने वैरण महागली होती आणि आमच्या थोरल्या भावाच्या कॉलेजची फी भरायची होती. बैल बाजारात न्यावा, असे वडिलांनी ठरविले. आजी दावणीपाशी जाऊन बसली आणि एवढेच म्हणाली, "मी बी आता कामाची ऱ्हायले न्हाई. मग मला कवा बाजार दाखवता?"

वडील निरुत्तर झाले. बैल राहिला, फी मात्र राहून गेली. भावाचे एक वर्ष वाया गेले. नातवापेक्षा बैल मोठा का, हा सल त्याच्या मनात कित्येक वर्षे राहिला. आजीलाही ते ठाऊक होते. त्या वर्षभर ती त्याच्या पानात आपल्या वाटचे दही वाढीत असे. बोलली मात्र काहीच नाही. पुढे दोन पावसाळ्यांनी बैल गेला. त्याला शेताच्या बांधालगत पुरले, तेव्हा त्या दिवशी आजीने अन्न घेतले नाही.

आजी जाऊनही आता बराच काळ लोटला. 2022 साली जनावरांत लम्पीची साथ पसरली आणि घरच्या एकुलत्या एका गाईच्या अंगावर गाठी उठल्या. हा रोग माश्या, डास व गोचिडांमार्फत पसरतो, म्हणून तिला निराळे बांधावे लागले. हे कळताच पुण्याहून रजा काढून आला तो तोच थोरला भाऊ. संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करणे, जखमा धुणे, हाताने पेंड चारणे, हे सारे त्याने पंधरा दिवस केले. गाय वाचली.

त्या दिवसांत रात्री जेवायला हाक मारली, की तो गोठ्यातूनच म्हणे, "तुम्ही बसू नका, हिचं अजून व्हायचंय." आम्हीही वाढलेली पाने झाकून त्याची वाट पाहत असू.