कळमन्याहून परतताना नागपूर पाहा

कळमना बाजारात माल विकला, की आपण थेट गावची गाडी धरतो. पुढच्या खेपेला गटाने अर्धा दिवस राखा.

सीताबर्डीच्या टेकडीवर १८१७ साली भोसले आणि इंग्रजांची लढाई झाली. तिथला किल्ला लष्कराकडे आहे, म्हणून २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच आत जाता येतं.

दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला.

त्याआधी, जुलै १९४२ मध्ये याच शहरात दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. बायकांना घटस्फोटाचा हक्क, कामगार बायांना रजा, असे ठराव झाले. हजारो जणी आल्या होत्या. लेकींना घेऊन जा आणि हेही सांगा.