सात सेकंद

मँगनीज म्हटलं की आमच्या भंडारा जिल्ह्यात तुमसरकडच्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींचं नाव निघतं. अड्याळला लहानाचा मोठा झालो, त्यामुळे तो काळा दगड ओळखीचा. तेच मँगनीज हिंद महासागरात पाच किलोमीटर खाली, बटाट्याएवढ्या गोळ्यांच्या रूपात तळावर पसरलंय असं वाचलं, तेव्हा राहवेना. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, ती गाठली.

गोळा पाहिला. खडबडीत, काळाकुट्ट. निकेल, तांबं, कोबाल्टही त्यात असतं. दहा लाख वर्षांत तो जेमतेम काही मिलिमीटर वाढतो. भारताच्या 'गवेषणी' या संशोधन जहाजानं २६ जानेवारी १९८१ रोजी असे गोळे आपल्याकडून पहिल्यांदा वर आणले. आज भारताकडे हिंद महासागरातला ७५,००० चौरस किलोमीटरचा पट्टा आहे, म्हणजे अठरा-वीस भंडारा जिल्हे बसतील एवढा.

पण माझं लक्ष खिळलं ते संगणकापुढे बसलेल्या एका मुलीवर. पडद्यावर समुद्रतळाच्या नकाशाचे हजारो रंगीत ठिपके, आणि ती त्यातले चुकार ठिपके एकेक करून पुसत होती.

"काका, जहाजाखालून आवाज सोडायचा, तो तळावर आपटून परत येतो. त्याला सात सेकंद लागतात."

सात सेकंद! पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड किलोमीटर धावतो, तरी एवढा वेळ. उजेड शे-दोनशे मीटरवरच संपतो, रेडिओलहरी तर त्याहून आधी विरतात. तिथवर पोचतो तो फक्त आवाज. मल्टीबीम यंत्र एका वेळी आवाजाचे शेकडो किरण पंख्यासारखे सोडतं, जहाज सरळ रेघेत जातं, वळतं, शेजारची रेघ धरतं. पाणी कुठे गार, कुठे खारट, त्याप्रमाणे आवाजाचा वेग बदलतो. म्हणून मध्येच उपकरण खाली सोडून तेही मोजावं लागतं. जहाज डोलतं, बुडबुडे आडवे येतात, आणि नकाशात एखादा सुळका उभा राहतो. तो सुळका खरा की खोटा, हे ही मुलगी ठरवते. शेजारच्या रेघेशी ताडून पाहते, मगच पुसते. घाई अजिबात नाही.

मला हे काम फार मोलाचं वाटतं, आणि त्याचा गवगवा होत नाही याचं वाईट वाटतं. २०२१ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचं 'वराह' हे खाणकामासाठीचं यंत्र ५,२७० मीटर खोल तळावर चालवून पाहिलं, त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. तिथूनही हाक परत यायला तेच सात सेकंद. पण उद्या खरी खाण सुरू झाली, तर आधीचा तळ कसा होता हे या मुलीच्या नकाशावरूनच कळणार. डोंगरी बुजुर्गला खाणीनं काय बदललं ते रस्त्यावरून दिसतं. तिथे खाली बघायला कोण जाणार?

आणि तिथल्या खुणा लवकर मिटत नाहीत. पेरूजवळच्या खोल समुद्रात जर्मन शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये तळ नांगरून पाहिला होता. २०१५ मध्ये ते पुन्हा गेले, तेव्हा नांगराची तासं तिथे होतीच.