बाळाला सारखी उचकी का लागते? आतडं वाढतंय म्हणून?

मोठ्या माणसाला उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय म्हणायचं. पण पंधरा दिवसांच्या बाळाची आठवण कोण काढणार? मग आजी सांगते, आतडं मोठं होतंय. आणि जुईनगरच्या टॉवरमधल्या फ्लॅटमध्येही दुपट्याचा धागा ओला करून बाळाच्या कपाळावर चिकटवला जातो.

खरं कारण वेगळं आहे. छाती आणि पोटाच्या मधे स्नायूचा एक पडदा असतो, डायफ्राम. तो अचानक आकसला की हवा झटक्यात आत ओढली जाते. त्याच क्षणी स्वरयंत्राची फट बंद होते आणि 'हिक्' असा आवाज येतो. बाळ घाईघाईने दूध पितं, सोबत हवाही गिळतं. पोट फुगतं आणि या पडद्यावर दाब येतो.

पण पोटातल्या बाळालाही उचकी लागते, अगदी नवव्या आठवड्यापासून. तिथे कुठलं दूध? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी 2019 मध्ये 13 नवजात बाळांच्या मेंदूतल्या लहरी तपासल्या. प्रत्येक उचकीनंतर मेंदूत लहरी उमटत होत्या. श्वासाचे स्नायू कसे वापरायचे, हे मेंदू यातून शिकत असावा, असा त्यांचा अंदाज आहे.

मग धाग्याचं काय? उचकी बहुतेक वेळा काही मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय धाग्याला मिळतं. धागा तोंडात जाणार नाही एवढं बघा, बाकी त्याने काही बिघडत नाही.

बिघडतं ते मध चाटवल्याने. मधात बोट्युलिझमचे जिवाणू असू शकतात आणि लहान बाळाचं आतडं त्यांना रोखू शकत नाही. त्यातून स्नायू लुळे पडतात, श्वासही अडकू शकतो. म्हणून वर्षाच्या आत मध अजिबात नाही. पहिले सहा महिने पाणीसुद्धा नको, आईचं दूध पुरतं. बाळाला दचकवणं, टाळू दाबणं हेही नको.

दूध पाजताना मधेच थांबून ढेकर काढा, नंतर थोडा वेळ उभं धरा. बाळ हसतखेळत असेल तर काहीच न करणंही चालतं.

मात्र उचकीसोबत बाळ सारखं उलट्या करत असेल, दूध पिताना कळवळून रडत असेल, वजन वाढत नसेल किंवा उचकी तासन् तास थांबत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. ओठ निळे पडले तर लगेच हॉस्पिटल गाठा. एरवी साधी शंका असेल, तर दीड महिन्याच्या लसीला महापालिकेच्या आरोग्य केंद्रात जाल तेव्हाच विचारून घ्या.