दुसऱ्यांदा चालवलेली स्क्रिप्ट

‘लिनक्स सर्व्हरवर डेटाबेस एका कमांडमध्ये बसवून देणारी स्क्रिप्ट मित्राकडे बिनबोभाट चालली, माझ्याकडे अडली. पुन्हा चालवली तर वेगळीच चूक दाखवू लागली. असं का?’ एका वाचकाचा प्रश्न आहे. त्याचा दुसरा भाग जास्त मोलाचा.

पहिल्या भागाचं उत्तर बऱ्याचदा साधं निघतं. नवाकोरा उबुंटू सर्व्हर सुरू झाला की स्वतःहून सुरक्षा-अपडेट घेऊ लागतो. तेवढा वेळ पॅकेज-व्यवस्थेला कुलूप असतं. स्क्रिप्ट नेमकी तेव्हाच येऊन धडकते आणि लॉक मिळालं नाही म्हणून माघारी फिरते. मित्राच्या जुन्या सर्व्हरची अपडेटं कधीच उरकलेली असतात. कुलूप सुटेपर्यंत थांब, एवढं स्क्रिप्टला सांगितलं की भागतं.

आता दुसरा भाग. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर ओरॅकलचं मायएसक्यूएल (5.7 पासूनचं) पहिल्यांदा सुरू होताना रूटसाठी तात्पुरता पासवर्ड बनवतं आणि लॉगमध्ये लिहून ठेवतं. स्क्रिप्ट तो शोधून आत शिरते आणि तुमचा पासवर्ड लावते. समजा, त्यानंतर लगेच नेटवर्क तुटलं. पुन्हा चालवलेली स्क्रिप्ट इमानेइतबारे लॉगमधला तोच जुना पासवर्ड उचलते आणि तिला ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ ऐकावं लागतं. बिघाड नेटवर्कचा, बोंब पासवर्डची. माणूस मग तासन्‌तास पासवर्डच्या मागे. म्हणून पडद्यावरची शेवटची ओळ बाजूला ठेवून पहिल्या प्रयत्नाचा लॉग आधी उघडावा.

या दुखण्याकडे शास्त्रज्ञाच्या नजरेनं पाहणारा माणूस म्हणजे मार्क बर्जेस. मूळचा भौतिकशास्त्रज्ञ. ऑस्लो विद्यापीठात पोस्ट-डॉक्टरेट करताना नाना जातींच्या युनिक्स यंत्रांशी त्याची गाठ पडली. प्रत्येक यंत्राची तऱ्हा वेगळी, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये ‘असं असेल तर, तसं असेल तर’ यांची झुंबड. 1993 मध्ये त्यानं सीएफइंजिन हे साधन लिहिलं. त्यामागचा विचार मला आजही सुंदर वाटतो: यंत्राला पायऱ्या सांगू नका, शेवटी काय असायला हवं ते सांगा. जे आधीच आहे त्याला हात लावायचा नाही, उणं असेल तेवढंच भरायचं.

कढईत गोटी सोडून पाहा. डावीकडून सोडा, काठावरून सोडा, मध्येच बोटानं ढकला. थांबते ती तळाशीच. तळाशी असलेली गोटी पुन्हा ‘सोडली’ तरी काही बदलत नाही. अर्धवट बसलेला डेटाबेस म्हणजे उतारावर अडकलेली गोटी. चांगल्या स्क्रिप्टनं तिला तिथूनच खाली आणावं, पुन्हा काठावर नेऊन ठेवायचा हट्ट धरू नये. 1998 च्या ‘कॉम्प्युटर इम्युनॉलॉजी’ या निबंधात तर बर्जेसनं यंत्रांनी स्वतःच बरं व्हावं इथवर मजल मारली. त्याच विचारावर चालणाऱ्या, 2012 मध्ये आलेल्या अ‍ॅन्सिबल या साधनाबद्दल आज नोकरीच्या मुलाखतीत हमखास विचारतात. बर्जेस म्हटलं तर मात्र कुणी क्रिकेटपटू समजेल. आणि अ‍ॅन्सिबल वापरलं म्हणजे सुटलो, हाही भ्रमच. त्यात शेलच्या कच्च्या आज्ञा कोंबल्या की कढईची परात होते.

डेटाबेसची गोष्ट तरीही निराळी, कारण आतला डेटा पुन्हा ‘इन्स्टॉल’ करता येत नाही. डेटाची डिरेक्टरी रिकामी नसेल तर पोस्टग्रेस ही डेटाबेस-प्रणाली तिथे नवा डेटाबेस मांडायला साफ नकार देते. हा आडमुठेपणा शहाणपणाचा आहे. तो मोडायला लोक स्क्रिप्टमध्ये डिरेक्टरी पुसायची ओळ घालतात, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो.

असं पुसणं किती महागात पडतं ते पाहा. 31 जानेवारी 2017 रोजी कोड साठवणाऱ्या गिटलॅब या सेवेचा एक अभियंता दुय्यम पोस्टग्रेस सर्व्हर मुख्य सर्व्हरशी पुन्हा जुळवत होता. प्रत आणणारं साधन गप्प बसलेलं. डिरेक्टरी आधीच असल्यामुळे ते अडलं असावं, या समजानं त्यानं ती पुसायला घेतली, पण मुख्य सर्व्हरवर. दोनेक सेकंदांत चूक कळली. तोवर सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते.

बॅकअप होते ना? गिटलॅबचं सगळं एकत्र बसवून देणारं पॅकेज पोस्टग्रेसची आवृत्ती ओळखायला डेटाच्या डिरेक्टरीतली एक चिमुकली फाइल बघायचं. बॅकअप घेणाऱ्या सर्व्हरवर डेटाबेस नव्हता, म्हणून फाइल नव्हती, म्हणून पॅकेज 9.2 ही आवृत्ती धरून चाललं. डेटाबेस होता 9.6. जुन्या साधनानं नव्याचा बॅकअप घ्यायचं नाकारलं आणि बॅकअपची जागा रिकामीच राहिली. तक्रारीचे ईमेल निघत होते, पण प्रेषकाची खातरजमा होत नसल्यानं तेही नाकारले जात होते. कामी आली ती एका अभियंत्यानं वेगळ्याच कामासाठी सुमारे सहा तास आधी हातानं काढलेली प्रत. मधल्या सहा तासांतला डेटा गेला तो गेलाच.